येत नसतानाचा व्हिडिओ

"मोबाईल इथं ठेवा आणि मग जा," बाबर गुरुजी म्हणाले.

शाळा सुटून दहा मिनिटे झाली होती. गुरुजींनी कार्यालयातले लोखंडी कपाट उघडले, हजेरीपटांच्या चळतीवर हात पुसायचा टॉवेल अंथरला आणि माझ्यापुढे हात केला.

"रस्ता चुकले तर, गुरुजी?"

"द्राक्षबागेतनं सरळ वाट हाय. बेदाण्याचा वास येईल तिकडं चालायचं. त्याला नकाशा लागत नाही."

"महादेवीला शनिवारी जिल्ह्याला सादरीकरणाला न्यायचंय म्हणून तरी जायला हवं," मी म्हणाले. "केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, मुलगी समोर उभी राहून वाचेल तर उत्तम."

"तेच विचारतो. तुम्ही तिला शाळेत आणायला चाललाय, का जिल्ह्याला न्यायला?"

मी मोबाईल दिला. त्यांनी तो टॉवेलवर ठेवला, कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

मला रागच आला होता. शिंगटेवाडीच्या त्या द्विशिक्षकी शाळेत गुरुजी मुख्याध्यापक होते आणि मी दुसरी शिक्षिका. माझे नोकरीचे तिसरे वर्ष होते, त्यांचे शेवटून दुसरे. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. शाळेतले जे काही ऑनलाइन असे ते सगळे माझ्याकडे असे, आणि त्याचा मला अभिमान होता.

चौथीतली महादेवी बिराजदार चार दिवस शाळेत आली नव्हती. तिला पाहायला मी निघाले होते.

महादेवीचे आईवडील आदल्या उन्हाळ्यात कर्नाटकाच्या हद्दीतून इकडे द्राक्षबागेवर कामाला आले होते. जूनमध्ये आई तिला घेऊन शाळेत आली, तेव्हा जवळ दाखला नव्हता. वय पाहून, नियमाप्रमाणे, तिचे नाव चौथीत घातले. 'घरी कानडी बोलतात' एवढे मी नोंदवहीत लिहिले. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या हातात मराठीचे पुस्तक दिले आणि समोर मोबाईल धरला.

त्या काळात आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा फोटो पाठवण्याची पद्धत होती. झाड लावले, फोटो. खिचडी वाढली, फोटो. मुलांनी हात धुतले, फोटो. संध्याकाळी पाचच्या आत शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो गेला नाही, तर ती गोष्ट घडलीच नाही असे धरले जाई. म्हणून वर्षाच्या आरंभीच मी प्रत्येक मुलाच्या वाचनाचा व्हिडिओ काढून ठेवला होता. पुढे प्रगती दाखवायची, तर आधीचे काहीतरी हाताशी हवे.

"ही महादेवी. चौथीत आहे. हिला अजून एकही अक्षर येत नाही," असे मी त्यात स्वच्छ आवाजात म्हटले होते. महादेवीने पुस्तकाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग मोबाईलकडे. तिच्या ओठांतून काही आले नाही. शेवटी तिने पुस्तकानेच तोंड झाकले.

नंतर मी तिच्यासाठी मेहनत घेतली, हेही खरे आहे. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही दोघी व्हरांड्यात बसायचो. तिने ज्या वेगाने मराठी उचलली त्याचे मला नवल वाटे, आणि त्याचे श्रेय मी माझ्या पद्धतीला देई. फेब्रुवारीत ती अख्खे पान न थांबता वाचू लागली. मी ते टिपले, त्याच्या आधी जूनचा तुकडा जोडला, मागे बासरी लावली आणि 'शून्यातून वाचनाकडे' असे नाव देऊन माझ्या चॅनेलवर टाकले. दोन आठवड्यांत बारा हजार लोकांनी ते पाहिले. केंद्रप्रमुख घाडगे साहेबांचा फोन आला.

"लोंढे बाई, शनिवारी जिल्ह्याला सादरीकरण. तंत्रस्नेही शिक्षकांत आपल्या तालुक्यातनं तुम्ही एकट्याच. चांगली साडी नेसून या, पेपरात फोटो येईल."

साडी मी इस्त्रीला टाकली. महादेवीचे शाळेत येणे त्याच आठवड्यात थांबले. या दोन गोष्टींचा संबंध असेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

बेदाण्याचा वास, गुरुजी म्हणाले तसा, महादेवीची आई कामाला होती त्या शेडच्या आधीच आला. गोड, आणि त्याच्या आत गंधकाच्या धुरीचा तिखटपणा. हिरव्या जाळ्यांच्या रॅकवर द्राक्षे वाळत पडली होती. पलीकडे पत्र्याखाली दहाबारा बायका लांब टेबलांवर ओणवून बेदाणा निवडत होत्या. पिवळा एकीकडे, काळपट दुसरीकडे. त्यांचे हात चालू होते, पण कुणी बोलत नव्हते. एक आवाज चालला होता. कुणीतरी कानडीत काही वाचत होते. कुठे अडखळत नव्हते, कुठे घाई करत नव्हते.

टेबलाच्या टोकाला एक म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. तिच्यापुढे पालथ्या क्रेटवर बसून महादेवी एक लग्नपत्रिका वाचत होती.

मी दाराशीच थांबले. पत्रिका संपली तशी म्हातारीने काही विचारले. महादेवीने बोट सरकवत मधली एक ओळ शोधली आणि पुन्हा वाचली. म्हातारी समाधानाने हसली, मूठभर बेदाणा उचलून तिच्या ओंजळीत टाकला. तेवढ्यात महादेवीची नजर माझ्याकडे गेली. तिने पत्रिका पाठीमागे लपवली.

"बाई आल्या," तिची आई गौरव्वा हात पुसत पुढे आली. एका बाईला उठवून तिने मला स्टूल दिले.

"हिला वाचता येतं?" मी विचारले.

"कानडी येतंय की. गावाकडं तिसरीपतूर शिकली. पहिला नंबर होता तिचा."

"मग मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कुठं विचारलं, बाई?"

गौरव्वाच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच आठवून पाहत होती, बाईंनी विचारलेले आपण विसरलो की काय.

शेजारच्या टेबलावरची एक ठसठशीत बाई हात न थांबवता म्हणाली, "बाई, तुमचा व्हिडिओ लई भारी झालाय. मुकादमानं चहाच्या सुट्टीत लावला. ही पुस्तकामागं तोंड लपवती बघा, तिथं तर दोनदा लावला."

"तीनदा," दुसरी म्हणाली, आणि काही जणी हसल्या. त्यांच्या हसण्यात दुष्टावा नव्हता. त्या मला खूश करायला बोलत होत्या.

महादेवी क्रेटची सुटलेली ढलपी नखाने ओढत होती.

"तिच्या मामाकडंबी गेला तो," गौरव्वा खालच्या आवाजात म्हणाली. "गावाकडच्या पोरींनी बघितला. तिथल्या तिच्या मास्तरांनी बघितला. मामा फोनवर म्हटला, पहिल्या नंबरच्या पोरीला तिकडं नेऊन काय केलं तुम्ही, एक अक्षर येत न्हाई म्हणतात तिला."

"पण पुढच्या भागात ती छान वाचते आहे."

"पुढचं कोण बघतंय, बाई? हसायचं ते आधीच असतंय."

गौरव्वाने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"तुम्ही रोज तिच्यासाठी थांबला. मी काय इसरणार न्हाई ते. माझा राग न्हाई तुमच्यावर. पण ती आता मराठी पुस्तक हातात घेत न्हाई. गावाकडं मामाकडं शिकायला ठेवते म्हटलं, तर तिथंबी जाईना. पोरी हसतील म्हणती. मग हितंच बसती, बेदाणा निवडायला. दहा वर्षांची पोर, तिचा हात काय वाईट चालत न्हाई. त्याचंच मला भ्या वाटतंय."

मी स्टुलावरून उठले आणि महादेवीपुढे उकिडवी बसले.

"महादेवी, माझं चुकलं. तो व्हिडिओ मी काढून टाकते. आजच."

"मामाच्या मोबाईलात हाय तो," ती म्हणाली. "तुम्ही काढला तरी तिथं ऱ्हातो."

हे मलाही माहीत होते. शिक्षकांना हेच शिकवायला मी दोनदा तालुक्याला गेले होते.

ती ढलपी ओढत राहिली. मग तिने मान वर केली.

"बाई, तुमचा येत नसतानाचा व्हिडिओ हाय का?"

"माझा? नाही."

"का न्हाई?"

माझा हात सवयीने पर्सकडे गेला. तिथे मोबाईल नव्हता. असता, तर वेळ पाहण्याचे निमित्त करून मी त्यात नजर घातली असती. आता समोर फक्त तिचा चेहरा होता आणि तो उत्तराची वाट पाहत होता.

"तू काढ," मी म्हणाले. "मला कानडी येत नाही. तुझं गावाकडचं पुस्तक असेल तर घेऊन ये. मी वाचते, तू काढ."

महादेवीने आईकडे पाहिले.

"मलाबी बोलवा हं बघायला," ठसठशीत बाई म्हणाली, आणि शेडमध्ये पुन्हा हसू फुटले. या वेळी ते माझ्यावर होते.

परत आले तेव्हा गुरुजी शाळेच्या पायरीवर बसले होते. सायकल भिंतीला टेकलेली, किल्ली हातात. घरी जायची त्यांची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"काय म्हणाली पोरगी?"

"तिला वाचता येतं, गुरुजी. आधीपासूनच येत होतं. कानडी."

ते पायरीवरून उठले. मग म्हणाले, "नाव मी घातलं, दाखल्याविना. मीबी विचारलं नाही."

कपाट उघडून त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. त्यावर ग्रुपचे तेहतीस संदेश आले होते.

"बाई, एवढ्या नोकरीत मी निकाल कधी फळ्यावर लावला नाही," ते कुलूप लावता लावता म्हणाले. "कागदाची घडी घालून ज्याचा त्याच्या हातात दिला. नापास झालेल्यालाबी आणि पहिला आलेल्यालाबी. तुमचा व्हिडिओ बघितला तेव्हा मनात आलं होतं, हे फळ्यावर लावल्यासारखंच झालं. पण म्हटलं, ते मोबाईलचं शास्त्र वेगळं असेल, आपल्याला काय कळतंय. बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं."

त्या संध्याकाळी मी व्हिडिओ काढून टाकला. मग ज्या ज्या ग्रुपवर तो गेला होता, तिथे लिहिले: 'या मुलीविषयी मी चुकीचे सांगितले आहे. तिला वाचता येत होते. कृपया व्हिडिओ पुढे पाठवू नये, जवळ असल्यास पुसून टाकावा.' गौरव्वाच्या भावाचा नंबर मिळवून त्यालाही फोन केला. तो मराठी जाणत होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "हे तुम्ही आमच्या मास्तरांना सांगा." मी मास्तरांनाही फोन केला. त्यांना मराठी बेताचेच येत होते. 'फस्ट नंबर' एवढे दोन शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि मी इकडून 'हो सर, हो सर' म्हणत राहिले.

सर्वांत अवघड गेला घाडगे साहेबांचा फोन.

"काढला? अहो, बारा हजार लोकांनी बघितलाय."

"म्हणूनच काढला, साहेब."

"बरं, मग मुलीला घेऊन या, समोर वाचू दे."

"ती येणार नाही. मी तिला विचारणारही नाही."

"मग दुसरं काहीतरी आणा, बाई. नाव कळवलंय मी तुमचं."

"दुसरं काही नाही माझ्याकडे."

"बघा बुवा," ते म्हणाले. रागावले नाहीत, पण त्यानंतर तंत्रस्नेही शिक्षकांच्या यादीत माझे नाव पुन्हा कधी आले नाही. साडी तेवढी इस्त्री होऊन आली.

दुसऱ्या दिवशी महादेवी आली नाही. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, परिपाठ संपून मुले वर्गात बसत होती, तेव्हा ती दारात दिसली. छातीशी एक पुस्तक धरलेले, कोपरे दुमडलेले, जुन्या वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले. गौरव्वा फाटकापर्यंत येऊन तिथूनच परत वळली होती.

महादेवीने पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले आणि हात पुढे केला. मी मोबाईल दिला.

चौथीत अकरा मुले होती. आज बाई वाचणार आणि महादेवी शिकवणार, एवढे सांगितल्यावर सगळी बाकांच्या कडेवर येऊन बसली. बाबर गुरुजी तिसरीचा वर्ग सोडून दाराला टेकून उभे राहिले.

मी पुस्तक उघडले. गोल गोल, एकमेकांसारखी अक्षरे. महादेवीने मोबाईल दोन्ही हातांनी उभा धरला, एक डोळा बारीक केला, अगदी मी धरत असे तसा. कॅमेऱ्याचा काळा ठिपका माझ्याकडे वळला. वर्षभर मी तो मुलांवर रोखत होते. त्याच्या या बाजूला उभे राहिल्यावर कसे वाटते, ते मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते.

तिने बोटाने पहिली चार अक्षरे दाखवली, नावे सांगितली. मी म्हटली. मग तिने एका शब्दावर बोट ठेवले.

"ओदि, बाई," ती म्हणाली. म्हणजे वाचा.

मी पाहिले. आत्ताच सांगितलेले अक्षर, पण कोणते? त्यांच्यातला म आणि व इतके सारखे दिसतात, की नवख्याला फरक उमगत नाही.

"व... वने?"

"मने," ती म्हणाली. "मने म्हणजे घर. पुन्हा."

पुढच्या शब्दावर मी पुन्हा तीच चूक केली. नंतरच्या शब्दावरही. तेवढ्यात मागच्या बाकावरचा दत्ता, जो कुणाचीही नक्कल करण्यात पटाईत होता, उभा राहिला आणि माझ्याच स्वच्छ आवाजात म्हणाला:

"ह्या लोंढे बाई. डी.एड. झाल्या आहेत. ह्यांना अजून एकही अक्षर येत नाही."

वर्ग खदखदून हसला. दारातून गुरुजींचे खाकरणे ऐकू आले. मी हसायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि ते लपवायला माझे हात आपोआप पुस्तकाकडे गेले. पुस्तक वर उचलले गेले तेव्हा मला कळले, मी काय करते आहे ते.

महादेवीने मोबाईल खाली घेतला. वळून दत्ताकडे पाहिले.

"हसू नको रे," ती म्हणाली. "नवीन हायत त्या."

दत्ता खाली बसला. जूनमध्ये मी बोलले त्या वाक्याच्या जागी बोलायचे वाक्य हे होते. दहा वर्षांच्या मुलीला ते सहज सुचले.

मग ती माझ्याजवळ आली. पडद्यावर मी थांबले होते, अर्ध्या उघड्या तोंडाने, कपाळावर आठी.

"बाई," तिने विचारले, "ठेवू का काढू?"

चाळीसेक मुलांचे मी तीन वर्षांत हजारावर फोटो काढले असतील. हा प्रश्न मी एकालाही विचारला नव्हता.

ठेव, असे म्हणायचे मी आदल्या दिवशीच ठरवले होते. मामाला पाठव, हव्या त्या ग्रुपवर टाक, असे मोठ्या मनाने म्हणणार होते. पण तोंडातून निघाले ते वेगळेच.

"काढ," मी म्हणाले.

तिने का म्हणून विचारले नाही. दोनदा बोट टेकवले, तो नाहीसा झाल्याची खात्री केली, आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मग माझ्या टेबलावरचे मराठीचे पुस्तक तिने स्वतःहून उचलले, खूण घातलेले पान काढले आणि वाचायला सुरुवात केली. आठवड्यापूर्वी जिथे थांबली होती तिथूनच. पहिल्या दोन ओळी हळू, मग नेहमीच्या तिच्या लयीत. पान संपल्यावर विचारले, "पुढचं वाचू?"

"वाच," मी म्हणाले.

गुरुजी दारातून तिसरीच्या वर्गाकडे वळले.

त्या तासाचा माझ्याकडे फोटो नाही, व्हिडिओ नाही. त्या दिवशी पाचच्या आत ग्रुपवर काहीच गेले नाही. गुरुजी दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले, जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "टॉवेल आतच हाय." तो अजून आत आहे, आणि शाळा भरताना माझा मोबाईल त्यावर असतो. मुलांचे काही टिपायचे असेल, तर मी आधी विचारते. कधी कधी मुले 'नको' म्हणतात. तेव्हा मला बरे वाटते, कारण हा शब्द माझ्यासमोर म्हणता येतो हे त्यांना कळलेले असते.

महादेवी आता बारावीत आहे. तिचे कुटुंब इथेच स्थिरावले. गौरव्वा शेडवर मुकादम झाली. हे लिहायचे ठरवले तेव्हा मी महादेवीला फोन केला.

"तुझ्याविषयी लिहू का? नाव बदलून लिहीन."

"बदलू नका," ती म्हणाली. "पण गावाकडच्या शाळेत माझा पहिला नंबर होता, ते गाळू नका, बाई."

गाळलेले नाही.